मावशींच्या फोटोला हार

माझी चूक आधी सांगतो. एका जिवंत बाईच्या फोटोला मी हार घातला, आणि तो तिच्याकडूनच ओवून घेतला.

आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर मावशी फुलं विकायच्या. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता. अशा फुलवाल्या तुम्हीही पाहिल्या असतील, पण गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेणारी ही एकच. हार मागितला की विचारायच्या, "कोणाला? देवाला, नवरदेवाला, का गेलेल्याला?" उत्तर मिळेपर्यंत सुई हातात घ्यायच्या नाहीत. झेंडूच्या हारात मध्ये मध्ये आंब्याचं पान ओवायची त्यांची खास पद्धत होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझ्या एका वर्गमित्राने आमच्या शाळेच्या दिवसांवर सिनेमा काढला. मी अंबडच्या कारखान्यातून रजा घेऊन संवाद लिहिले, सेटवरची जमवाजमवही केली. फुलवालीचं काम मावशींनीच करावं, हा हट्ट माझा. त्या कॅमेऱ्याला बुजल्या नाहीत. उलट दिग्दर्शकालाच म्हणाल्या, "ए बाबा, माझी फुलं सावलीत राहू दे. तुझं मशीन ठेव उन्हात."

शेवट आम्ही ऐनवेळी बदलला. नायक मोठा होऊन परततो आणि त्याला फुलवालीचा हार घातलेला फोटो दिसतो. मावशींचा फोटो सेटवर काढलेला होताच. हार आणायला मी गेलो. नेहमीचा प्रश्न आला. खरं सांगितलं तर नाही म्हणतील, या भीतीने मी म्हणालो, "देवाला."

सिनेमा लागला तेव्हा मावशी नवी साडी नेसून, अख्खं घर टेम्पोत घालून आल्या. त्या पडद्यावर दिसताच नातवंडांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी फोटो आला. थिएटरभर हुंदके, फक्त त्यांची ओळ गप्प.

"हार तर आईंच्याच हातचा हाय," सून म्हणाली. मावशींचे मालक, म्हणजे त्यांचा नवरा, उठले आणि बाहेर पडले.

दारापाशी लोक माझा हात धरून "रडवलंत हो" म्हणत होते. मी त्या घोळक्याआड लपलो.

दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर सून बसू लागली. मी रस्ताच बदलला. मावशींना काही झालं असेल का, हे कुणाला विचारायचंही धाडस झालं नाही. अशी तीन वर्षं गेली.

अखेर एका रविवारी मळ्यात गेलो. मावशी झेंडू खुडत होत्या, अगदी ठणठणीत. मला इतकं हायसं वाटलं की मी बांधावरच बसलो.

"काय रे, भूत पाहायला आला का?"

"मावशी, चुकलो."

"मेल्याचं मला काय नाय. म्हातारीच हाय मी. पण मालकांनी मला कोपऱ्यावर बसू दिलं नाय. अजून म्हणतात, तुला सगळं ठाऊक होतं, सिनेमात दिसायच्या हौसेनं तूच हार करून दिला. मी जिवंत असून माझ्याच फोटोला हार करीन का?"

मी पाया पडायला वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

"मला एकटीला नको सांगू. टेम्पोत होते तेवढ्यांसमोर बोल."

हाका मारून त्यांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. मालक खाटेवर बसले. सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी मालकांकडे पाहून हात जोडले.

"बाबा, मावशींना काही ठाऊक नव्हतं. हार देवाला हवाय, असं खोटं सांगून मी तो नेला. लोकांना रडवायचं म्हणून मावशींना न विचारता सिनेमात मारलं, आणि नंतर तोंड लपवलं. चूक माझी एकट्याची. मावशी, मला माफ करा."