रांगेतला ट्रॉम्बोन

रविवारी सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरायच्या आत रघोजीमामा आमच्या तिण्णईवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसलेले असत. लुंगीसारखी नेसलेली वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला तेल. कशी आहेस, घरचे कसे आहेत, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असे : "आज कुठें, तारा?"

म्हणजे आज जगात ट्रॉम्बोन वाजवणारे कुठे जमले आहेत, ते सांग. मी फोन उघडून बातम्या शोधायची आणि इंग्रजीतलं आमच्या घरच्या मराठीत करून वाचायची. जर्मनीतल्या एका गावात परिषद, जपानात कार्यशाळा, अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठात स्पर्धा. मामा डोळे मिटून ऐकत आणि प्रत्येक बातमीला तेच तीन प्रश्न विचारत. किती जण येणार? जेवणाची काय सोय? आणि शेवटी सगळे मिळून वाजवणार का? नुसती स्पर्धा असली की त्यांचं तोंड उतरे. "परीक्षाच ती. तिथें एकट्यानेंच वाजवायचें. एकट्यानें वाजवायला जर्मनीस कशाला जावें, मी हें इथें करतोंच आहे."

परिषदेच्या बातमीसोबत बहुतेक वेळा एक फोटो असे. मोठं व्यासपीठ, त्यावर शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या हातात तोच पिवळा लांबलचक नळा. मामा माझ्या हातून फोन घेऊन तो फोटो बोटांनी मोठा करत आणि रांगा तपासत. एकदा म्हणाले, "ही चष्मेवाली बाई बघ. तिच्या पलीकडे अजून एक खुर्ची सहज बसती." मी हसले. ते हसले नाहीत.

मामा माझ्या आईचे लांबचे भाऊ आणि आमचे शेजारी. आमची घराणी मराठी राज्याबरोबर तंजावरात आली ती इथलीच झाली. घरात बोलायला मराठी, लिहायला तमिळ. मला देवनागरी येते ती वडिलांनी हट्टानं शिकवली म्हणून. हे मी लिहिते आहे ते मामांना वाचता आलं नसतं, कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं लागलं असतं. ते नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून होते आणि संध्याकाळी बँडवाले. कारकुनी त्यांनी सोडली, म्हणजे वयानं सुटली. बँड मात्र चालू राहिला. लग्नं, देवळांचे उत्सव, माताकोविलची, म्हणजे मेरीच्या देवळाची जत्रा, कोणाची अंत्ययात्रा. लाल कोट, सोनेरी गोंडे, पायात हवाई चप्पल.

बँडात आठ जण आणि ट्रॉम्बोन एकच. पूर्वी दोन होते, मामा आणि त्यांचे वडील. मामा सव्वीस वर्षांचे असताना वडील गेले, आणि त्यानंतर ट्रॉम्बोन शिकायला कोणी आलं नाही. क्लॅरिनेटला माणूस मिळतो, ड्रमला तर रांग लागते. ही नळी पुढेमागे सरकवत, कुठे थांबायचं याची खूणसुद्धा नसताना सूर शोधायची दगदग कोणाला हवी? मामांचा मुलगाही कोइम्बतूरला पंपांच्या कंपनीत निघून गेला. वाजवून झाल्यावर मामा हटकून म्हणत, "डाव्या हातास रिकामें वाटतें. अप्पांची आठवण येते." चाळीस वर्षं म्हणत होते. बापावर माया असावी तर अशी, असं आमच्या गल्लीतल्या बायका आपापल्या मुलांना ऐकवत.

एकटेपणाचे तोटेही गमतीचे असत. विचारायला कोणी नसल्यामुळे मामा त्या नळीला वर्षानुवर्षं खोबरेल लावत आले होते. बाकीचे महिने निभावून जाई. पण मार्गळी महिन्यात पहाटेच्या गारव्यात खोबरेल थिजे आणि देवळापुढे ऐन भजनात नळी अडके. मामा ती काखेत धरून ऊब देत उभे राहत आणि बँड त्यांच्याविना पुढे जाई. एका कार्यशाळेच्या बातमीत मी वाचलं की नळीसाठी वेगळं मलम मिळतं, खाण्याचं तेल कधीही लावू नये. मामा म्हणाले, "शेजारीं एक जण असता तर पहिल्याच दिवशीं सांगिटला असता कीं नाहीं?"

तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला बक्षीस नको आहे, नाव नको आहे, परदेशही नको आहे. त्यांना एकदा ट्रॉम्बोनवाल्यांच्या रांगेत बसायचं आहे. उजवीकडे एक, डावीकडे एक, मधे आपण. एवढंच. आणि ते होणार नव्हतं.

त्यातच त्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. फुंकून वाजवायच्या वाद्याला पुढचे दात गेले की संपलं. ओठाला मागून टेकू राहत नाही. दातांच्या डॉक्टरनं काढायलाच हवेत म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, मार्गळी जाऊ दे. मार्गळी गेल्यावर म्हणाले, तै महिना लग्नांचा, तो जाऊ दे. हिरड्या सुजत, रक्त येई, इडलीसुद्धा रसमात भिजवून खात, पण डॉक्टरकडे जायचं नाव नाही.

अशा दिवसांत एका रविवारी ती बातमी आली. चेन्नईत दोन दिवसांची कार्यशाळा, फक्त ट्रॉम्बोनची. शिकवायला फिनलंडहून एक बाई येणार होत्या. मी "चेन्नई" म्हणताच मामांनी डोळे उघडले. "आपली चेन्नई?" अर्ज मीच भरला. वय सदुसष्ट. शिक्षकाचं नाव, वडील. अनुभव, पंचेचाळीस वर्षं. उत्तर आलं की शिकायच्या जागा तरुणांसाठी आहेत, पण त्यांनी ऐकायला जरूर यावं, आणि वाद्य घेऊन यावं, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मिळून वाजवणार आहेत. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. मग उठले आणि कॉफी न पिताच घरी गेले.

कॉलेजच्या ग्रंथालयातून मी तीन दिवसांची रजा काढली. सकाळच्या गाडीनं आम्ही गेलो आणि चेन्नईतल्या मांबलमला माझ्या बहिणीकडे उतरलो. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बँडचा लाल कोट घालून सभागृहात शिरले. बाकीची पोरं जीन्समध्ये. मी मागच्या खुर्चीत तोंड लपवायच्या तयारीत. पण कोणी हसलं नाही. बावीस खुर्च्या मांडल्या होत्या. मामांना दुसऱ्या रांगेत मधोमध जागा मिळाली. उजवीकडे केरळच्या पोलीस बँडमधला एक मिशाळ गृहस्थ, डावीकडे नागालँडची एक चष्मेवाली मुलगी. मामा बसले आणि आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. रस्ता ओलांडताना माणूस बघतो तसं.

संथ, प्रार्थनेसारखी चाल होती. मामांना नोटेशन वाचता येत नसे, पण दोनदा ऐकून त्यांनी आपली जागा शोधली आणि हळूच मिसळले. सगळं छान चाललं होतं. मग मागच्या रांगेत कोणीतरी घाई केली, आणि थांबा, असं नाही, म्हणून समोर उभ्या असलेल्या फिनलंडच्या बाईंनी उजव्या हाताचं बोट वर करून जोरजोरात हलवलं.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लग्नात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी भटजी नाहीतर घरातलं मोठं माणूस बोट वर करून हलवतं आणि ओरडतं, "गेट्टिमेळम्, गेट्टिमेळम्!" त्याबरोबर वाजवणाऱ्यांनी हातातलं सोडून, जे सुचेल ते, अंगात असेल तेवढ्या जोरानं वाजवायचं. कोणाची शिंक, कोणाचा वावगा शब्द त्या क्षणी कानावर पडू नये म्हणून. पंचेचाळीस वर्षं मामांनी हलणारं बोट पाहिलं होतं आणि त्याचा एकच हुकूम त्यांना ठाऊक होता.

एकवीस ट्रॉम्बोन थांबले आणि मामांचा फुटला. छताची धूळ खाली यावी असा. बाई दचकल्या आणि त्यांनी बोट आणखी जोरात हलवलं. मामांनी डोळे घट्ट मिटले, गाल फुगवले आणि आणखी जोर लावला. वधूवरांचं आयुष्य आपल्यावर सोपवलं आहे अशा निष्ठेनं ते वाजवत होते. मी उभी राहून ओरडले, "मामा! पुरे! ताळी नाही बांधत आहेत!"

सभागृह हसून लोळलं. मामांनी ट्रॉम्बोन खाली घेतला आणि निरागसपणे मला विचारलं, "बोट हलवलें कीं त्यांनीं?" मी लाजेनं अर्धी होऊन इंग्रजीत सगळा खुलासा केला. बाई हसत होत्या, पण ऐकता ऐकता थांबल्या. त्यांनी विचारलं, प्रत्येक जण वेगळं वाजवतो? मी मामांना विचारलं. "आमां, होय. ज्यास जें येईल तें. पण कोणीं मागें राहायचें नाहीं." बाई मुलांकडे वळून म्हणाल्या, आता शेवट असाच करू. प्रार्थना संपली की मी बोट हलवीन.

प्रार्थना पुन्हा सुरू झाली, या वेळी कोणी घाई केली नाही. शेवटचा सूर विरला आणि बाईंनी बोट उचललं. त्यानंतर जे झालं ते मला लिहिता येणार नाही. मी मामांकडे बघत होते. मामा वाजवत नव्हते. ट्रॉम्बोन मांडीवर आडवा, दोन्ही हात त्याच्यावर, तोंड थोडं उघडं. एकवीस जण फुंकत होते आणि ज्याच्यामुळे फुंकत होते तो नुसता बसला होता.

परतीच्या गाडीत मी तोंड उघडलं ते चिंगलपेट गेल्यावर. मला राग आला होता, आणि मला राग आला की मी लपवत नाही. "चार पत्रं लिहिली मामा मी. रजा काढली. दोन महिने तुम्ही ते दात तोंडात सांभाळलेत, कशासाठी? आणि बोट वर झालं तेव्हा तुम्ही गप्प?"

मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी वाजवलों असतों तर मज माझाच ट्रॉम्बोन ऐकूं आला असता. तो रोज ऐकलों आहें कीं."

त्या मंगळवारी त्यांनी दात काढले. बँडातलं नाव काढून घेतलं. लाल कोट धुऊन, इस्त्री करून परत दिला. त्यानंतर ते दीड वर्षं होते. एका संध्याकाळी देवळातून येताना ते फार थकलेले दिसले, म्हणून आम्ही देवळाभोवतीच्या खंदकाच्या कडेला टेकलो. माझ्या मनात बरेच दिवस होतं ते मी विचारलं. "मामा, चेन्नईला गेलोच नसतो तर बरं झालं असतं का?"

रस्त्यावरून दोन टाउन बस गेल्या.

"तुज एक सांगतों, कोणास सांगूं नको," ते म्हणाले. "अप्पा गेल्यावर मी समजलों, मज अप्पांची आठवण येते. चाळीस वर्षें तसेंच समजलों. लोकही म्हणाले, मीही म्हणालों. त्या दिवशीं त्या दोघांच्या मधें बसलों तेव्हां कळलें. अप्पांची नव्हे, तारा. शेजारच्या ट्रॉम्बोनाची येत होती." मग जीभ चावल्यासारखे थांबले, आणि अगदी हळू म्हणाले, "अप्पा फार मारायचे मज. त्यांची आठवण यावी असें कांहीं नव्हतें."

"मग आता?"

"आतां फार येते," मामा म्हणाले. "आधीं कशाची तें ठाऊक नव्हतें. आतां ठाऊक आहे."

मामांना जाऊन दोन वर्षं होतील. कोणाला सांगू नको म्हणाले होते, ते मी आज मोडते आहे. माझं मात्र मामांसारखं नाही. ट्रॉम्बोन मला तेव्हाही कळला नाही आणि आजही कळत नाही. तो वाजला काय, न वाजला काय. मला मामांचीच आठवण येते.