टी-सेलला आवतण

आमच्याकडे जेवायला बोलवायचं तर दोनदा बोलवावं लागतं. आदल्या दिवशी घरी जाऊन आवतण द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पंगत बसायच्या वेळेला पुन्हा जाऊन "चला" म्हणायचं. ह्या दुसऱ्या खेपेला बोलावणं म्हणतात. आवतण मिळालं पण बोलावणं आलं नाही, तर माणूस अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, पोटात कावळे ओरडत असताना घरीच बसून राहतो, पण पाय उचलत नाही. पुढं वर्षभर तुमच्या दारावरून जाताना मान पलीकडे फिरवतो, ते वेगळंच.

जिंतूरला बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवताना ह्या रिवाजाचा मी पुरेपूर फायदा उठवला. टी-सेल शिकवायचा तास होता.

"शरीरात जंतू घुसला," मी सांगितलं, "की डेंड्रायटिक सेल नावाची एक पेशी त्याचा तुकडा घेऊन लसिका ग्रंथीत जाते. तिथं टी-सेल, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशी, बसलेल्या असतात. त्यातल्या जिला तो तुकडा ओळखता येतो, तिला आवतण मिळालं. पण तेवढ्यावर ती उठत नाही. डेंड्रायटिक सेलनं दुसऱ्या हातानं तिचा हात धरून 'धोका खरा आहे, चल' म्हणावं लागतं. मग ती उठते, एकीच्या हजारो होतात, बी-सेलला अँटिबॉडी बनवायला मदत करतात, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेजला चेव आणतात. नुसतंच आवतण मिळालं आणि बोलावणं आलं नाही, तर ती सुन्न होऊन बसते. मग कितीही तुकडे दाखवा, ढिम्म!"

"सर, म्हंजे रुसती?" एका मुलीनं विचारलं.

"रुसतेच. आणि ते बरंच आहे. तिला आपल्याच शरीराचे तुकडेही दाखवले जात असतात. दरवेळी उठली तर घरच्यांवरच काठी घेऊन धावेल."

वर्ग खूश झाला. मी त्याहून खूश झालो. स्टाफरूममध्ये हा दाखला मी इतक्यांदा सांगितला, की गणिताचे सर मला बघून वर्तमानपत्र उभं धरायला लागले.

ह्याच दिवसांत माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका मोबाईलवरची करून घेतली. तीत मोर नाचतो, सनई वाजते आणि शेवटी कमळातून आम्ही नवरा-बायको उगवतो. ती नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि हात झटकले. पेट्रोल वाचलं, उन्हातली वणवण वाचली. विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच, असं बायकोला ऐकवलंसुद्धा.

लग्न आठवड्यावर आलं तरी पेडगावहून काही हालचाल नाही. पेडगावला बायकोचा थोरला भाऊ राहतो, म्हणजे मुलीचा मामा. मुलीमुळे मीही त्यांना मामाच म्हणतो. कापूस आणि सोयाबीनवाला माणूस. बोलतो कमी, मोजतो जास्त. आणि लग्नात मामाशिवाय तर पान हलत नाही. भटजी माईकवरून "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे" म्हणतात, तेव्हा मामानंच तिला मांडवात आणायचं असतं. मुलीनं तर साफ सांगून टाकलं, "मामा नाही आला तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. मंगलाष्टकं तुम्हीच म्हणा आणि माळ पण तुम्हीच घालून घ्या."

बायकोनं विचारलं, "दादाला फोन केला होता?"

"ग्रुपवर टाकली होती की पत्रिका."

तिनं कणकेचे हात तसेच कमरेवर ठेवले. "वर्गात त्या सेलला दोन निरोप लागतात म्हणून गावभर सांगत हिंडता. आणि माझ्या भावाला मोर दाखवून भागवता?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मोटारसायकल काढली आणि परभणीवरून पेडगाव गाठलं.

मामा अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत बसले होते. "या दाजी," म्हणाले, पण नळीवरची नजर काढली नाही. मामींनी पाणी दिलं. एवढ्यावर मी हात जोडून "चुकलं, चला" म्हणालो असतो तर चहा पिऊन मोकळा झालो असतो. पण माझ्यातला शिक्षक सुट्टीच्या दिवशीही हजेरी लावतो.

"मामा," मी म्हणालो, "तुमचं अगदी टी-सेलसारखं झालंय." आणि सगळा तास घेतला. तुकडा, आवतण, दुसरा हात, सुन्न होणं, सगळं.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे आमी पेशी."

"तसं नव्हे..."

"आन तुमी कोण?"

"मी डेंड्रायटिक सेल."

"म्हंजे घरोघर तुकडे दाखवीत हिंडणारी. हां, ते बराबर हाय." त्यांनी नळीला गाठ मारली. "पण दाजी, आमी काय बोलावण्यावाचून बसलाव व्हय? तुमी लय शिकलेले, जवाब द्यायची पद्धत तरी हाय का तुमच्यात?"

"कशाचा जवाब?"

मामी मधे पडल्या. "फोन काढा दाजी. तेवढा ग्रुप उघडा. आन जरा वर सरका."

तो ग्रुप मी कधीचा मुका करून ठेवला होता. रोज पहाटे गुलाबाच्या फुलावर सुविचार घालणारे सोयरे माझ्याच्यानं सोसवत नव्हते. मी फक्त टाकायला जायचो आणि टाकून बाहेर पडायचो. आता वर सरकलो तर माझ्या मोराच्या खाली मामांचे आवाजी निरोप ओळीनं पडलेले. मामा टाइप करत नाहीत. मी पहिला दाबला. मामा समोर बसलेले, आणि मामांचाच आवाज माझ्या हातातून:

"रामराम दाजी. पोरीची अष्टपुत्री साडी मामाकडनंच असती. पिवळी तर घ्यायचीच, पण काठ हिरवे पायजेत का लाल, तिला इचारून सांगा बरं."

दुसरा: "दाजी, उद्या मानवतला चाललाव साडी घ्यायला. काठाचं तेवढं कळवा."

तिसऱ्यात एकच शब्द होता. "बरं."

आणि त्या "बरं"च्या खाली मीच टाकलेला फोटो: दुकानातली पिवळी साडी, लाल काठ, वर मी स्वतः लिहिलेलं, 'वधूवस्त्र खरेदी संपन्न', पुढं हात जोडल्याच्या खुणा.

तेव्हा मला धड्यातला पुढचा परिच्छेद आठवला. परीक्षेला येत नाही म्हणून तो मी दरवर्षी सोडतो. त्यात लिहिलंय, की बोलणं एकतर्फी नसतंच. मदतनीस टी-सेलही डेंड्रायटिक सेलला धरून उलटा निरोप देते, आणि तो निरोप पोचला तरच डेंड्रायटिक सेलच्या अंगात मारेकरी टी-सेलना नीट उठवायचं बळ येतं. ऐकून न घेता नुसतं सांगत सुटणाऱ्या डेंड्रायटिक सेलचं पुढं काय होतं, ते पुस्तकात नाही. बहुधा तिला शिक्षक करतात.

हे सगळं मामांना सांगायला मी तोंड उघडलंच होतं. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा एक तास मी सुरू व्हायच्या आधी सोडला.

"चुकलं मामा," एवढंच म्हणालो. "मी ऐकलंच नव्हतं."

मामा नळी गुंडाळतच राहिले. मी मुलीला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडून ती काय बोलली कुणास ठाऊक. मामांनी आधी नळी खाली ठेवली, मग पाठ आमच्याकडे केली, मग टोपी काढून तिनंच डोळे पुसले. "हिरवे?" ते म्हणाले. "आगं, मंग हिरवेच घेतलेत म्या. इचारलं कुठं कुणी."

मामींनी आतून साडी आणली. हळदीसारखी पिवळी, पोपटी काठ. माझ्या लाल काठांच्या साडीचं काय करायचं, हे विचारायची ही वेळ नव्हती, हे मलासुद्धा कळलं.

"येतो म्या," मामा म्हणाले. "आदल्या दिशी येतो, पोरीला मांडवात म्याच आणतो. पण एक अट हाय."

"बोला."

"लग्नात माईक तुमच्या हाती द्यायचा न्हाई. पाव्हणे जेवायला आलेत, त्यांस्नी पेशी करू नगा."

जिंतूरला परतून बायकोला हे सांगायला लागलो. अट पुरती सांगून व्हायच्या आतच तिनं ती मान्य करून टाकली होती.