नाल्यापलीकडची मावशी

पवनचक्की कानठळ्या बसवत नाही, हे आधीच सांगते. पवनचक्कीविरोधी पत्रकांत तसं छापणाऱ्या आमच्याच लोकांशी माझं भांडण आहे. तिच्याखाली उभं राहून आरामात बोलता येतं. फक्त वारा कापल्यासारखा घुप्प, घुप्प आवाज, दिवसभर. कंपनीचा साहेब मशीन घेऊन आला, आकडा पाहून म्हणाला, "मर्यादेत आहे." कोणाच्या मर्यादेत? आवाज किती मोठा, याच्याशी आमच्या शिवाराला देणंघेणं नव्हतं. तो कुठवर पोचतो, यावर आमचं चालायचं.

आमचं शेत नाल्याच्या अलीकडे, धाकट्या मावशीचं पलीकडे. दुपारी भाकर सोडली की आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहायची. "अवं ए! भाजी काय आणली वं?" पलीकडून हेल काढून उत्तर यायचं, "अंबाडीऽऽ! तुले नाही देत!" सासवांच्या चुगल्यासुद्धा दोघी ओरडूनच करायच्या. मला लाज वाटायची. आज त्या ओरडण्यासाठी जीव तुटतो.

टेकडीवर पाती फिरू लागली आणि आईची हाक नाल्यातच विरायला लागली. फोन लावा ना, म्हणतात लोक. आईनं लावूनही पाहिला.

"फोनले काही काम असावं लागते," ती म्हणाली. "हाकेले नाही लागत."

यंदा सोयाबीनच्या निंदणात एका दुपारी वारा पडला. पाती थांबली. आईनं खुरपं टाकलं, धुरा गाठला आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. दिसली ती पळत येणारी मावशी, साडी खोचलेली, पाय नाल्याच्या चिखलानं माखलेले.

"काय झालं वं बाई? साप चावला काय कोणाले?"

हल्ली कोणाच्या जिवावर बेतल्याशिवाय शिवारात कोणी हाक मारत नाही.

आई गांगरली. "काही नाही वं. असंच."

"असंच? माह्या जिवाचं पाणी झालं, अन् म्हणते असंच!"

मग दोघी हसल्या, हसता हसता खाली बसल्या. आईनं आपली भाकर मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. पाती पुन्हा फिरू लागली तरी मावशी उठेना. शेवटी आईच म्हणाली, "जा वं, निंदण पडलं तुह्यं."

पलीकडे पोचल्यावर मावशीनं वळून काहीतरी म्हटलं. तोंड हललेलं तेवढं दिसलं. आईनं नुसताच हात केला.