टीनाचा टिपका

गोंदियात फ्लेक्सच्या दुकानांना तोटा नाही, पण चेहरा उजळावा तर तो उमेंद्र पटलेनंच. वाढदिवस असो, लग्न असो की श्रद्धांजली, गिऱ्हाईक फोटो पुढं करून एकच सांगणार, "भाऊ, डाग-गिग काढजो बरं!" उमेंद्र काढायचा. मुरूम, चामखीळ, देवीचे वण, सगळं साफ. हाताला अशी सवय जडली होती की पडद्यावर ठिपका दिसला रे दिसला की माऊस आपोआप तिकडं वळायचा.

त्याचा जीव मात्र दुसऱ्याच कामात. दुकान रिकामं असलं की तो काळाभोर पडदा उघडायचा, त्यावर एखादी वळणदार रेघ ओढायचा आणि तिला चमक द्यायचा. रेघेभोवती निळा-जांभळा उजेड धरायचा. ना फूल, ना देव, ना पुढारी, नुसता उजेड! तेच चित्र मग दुकानाच्या कॉम्प्युटरवर वॉलपेपर म्हणून झळकायचं. मालक भैयाजी कपाळाला हात लावायचे. "अरे, ये है क्या आखिर?" उमेंद्र हसून आणखी एक रेघ ओढायचा.

समजलं ते एकट्या टीनाला. त्याची पोरगी, नऊ वर्षांची, सिकलसेलचं, रक्ताचं दुखणं घेऊनच जन्मलेली. हातपाय ठणकायचे, शाळा बुडायची. जरा बरं वाटलं की बापाच्या गाडीवर बसून फुलचूरच्या घरून दुकानात यायची. एका दुपारी म्हणाली, "बाबा, मले ओढू दे ना एक रेघ." उमेंद्रनं तिला खुर्चीवर बसवलं, फवाऱ्याचा ब्रश काढून दिला. या ब्रशची खोड अशी, की बटन दाबून हात चालता ठेवला तर रेघ येते, आणि हात थांबला तर रंग तिथंच साचत जातो.

तेवढ्यात फोन आला. पत्रिकेत नाव चुकलं म्हणून कुण्या नवरदेवाचा बाप बोंबलत होता. उमेंद्र पाठ करून त्याची समजूत घालत राहिला. वळून पाहतो तर रेघ ओढून झालेली. वाकडीतिकडी, थरथरती, आणि मधोमध एक जाडसर टिपका.

"हे काय वं?"

"हात दुखून आला ना, म्हून थांबली होती. पण बटन नाई सोडलं."

"पुसू का मग?"

"कायले पुसून राहिला? थो माहा टिपका हाय!"

उमेंद्रनं रेघेला चमक दिली, तेव्हा सगळ्यात जास्त उजळला तो टिपकाच. पोरीनं टाळ्या पिटल्या. तेच चित्र वॉलपेपर झालं. पुढं एकदा आईला दुकानात ओढून आणलं आणि तिचं बोट धरून पडद्यावर त्या टिपक्याला लावलं.

थंडीत टीना गेली. नऊ वर्षांचं लेकरू!

तेरवीचा बॅनर उमेंद्रनं दुसऱ्याच्या हातचा होऊ दिला नाही. भैयाजी म्हणाले, "तू मत बैठ बेटा, अपना दूसरा लड़का ओमेश बना देगा." ऐकेल तर शपथ! समई नको, कमळ नको. मागं टीनाच्या रेघेचा उजेड, पुढं टीनाचा फोटो. डोळ्यांना धार लागलेली, समोरचं धड दिसेना, पण हात आपलं काम करत होता. फोटो उजळला, रेघ उजळली, जुन्या फाइलवरच सेव्ह केलं, बंद केलं, छापायला दिलं. वॉलपेपरही तोच नवा लावून टाकला.

बॅनर दारात लागला. धनवंता, त्याची बायको, रडून रडून दगड झाली होती. ती उठून जवळ गेली आणि फ्लेक्सवर बोट फिरवू लागली. एकदा, दोनदा.

"टीनाचे बाबा, तिचा टिपका कोठी हाय?"

उमेंद्रनं जवळ येऊन रेघ पाहिली. डाग समजून हातानं पुसला होता. मेल्या हाताला एवढंही कळू नये?

पंगत तशीच टाकून तो दुकानात धावला. फाइल उघडली. रेघ गुळगुळीत, सुरेख, गिऱ्हाइकाला आवडावी अशी. मागं फिरायची सोय फाइल बंद केली तेव्हाच संपली होती. मग त्यानं तोच ब्रश घेतला, त्याच वळणावर टेकवला, बटन दाबलं. रंग साचू लागला. पुरे? का आणखी? बटन सोडलं, टिपका पुसला, पुन्हा दाबलं. कधी फिका वाटे, कधी भलताच गडद. धनवंता मागोमाग येऊन दारात उभी राहिली होती.

"किती वेळ थांबली होती वं टीना?" त्यानं विचारलं.

"मले काय मालूम? मी त घरी होती," धनवंता म्हणाली. "तुमीच होते ना तिच्या बाजूले."

उमेंद्रनं पुन्हा बटन दाबलं. टिपका भरत गेला, भरत गेला, आणि सोडायचं कुठं ते काही त्याला कळेना.