सुमनबाईची नावाची ओवी

ते गाणं सुमनबाईचं आहे. आधी एवढं सांगून टाकतो, कारण छापील पुस्तकात तसं नाही, आणि छापलेलं तेवढंच खरं मानणारी माणसं आमच्याकडे ढिगानं आहेत. सुमनबाई आता नाही. जिच्यासाठी ती गप्प बसली ती गुरम्माही नाही. उरलो मी, व्यंकटी. या सगळ्यात माझी लायकी एवढीच, की अकरा वर्षं दर सतरा सप्टेंबरला मी मरत होतो.

मरत होतो म्हणजे सोंगात. आमचं गाव उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, निजामाची राजवट शेवटच्या घटका मोजत असताना, रझाकारांनी गावावर धाड घातली आणि गुरम्माचा थोरला सिद्राम, एकोणीस वर्षांचा, स्वतःच्या दारातल्या लिंबाखाली मारला गेला. मराठवाडा मोकळा झाला तो त्यानंतर चार महिन्यांनी. मुक्तिदिनाला आम्ही ती धाड पुन्हा उभी करायचो. झेंडा, पळापळ, लिंब, सगळं. मी सिद्राम. रझाकार व्हायला कुणी तयार नसायचं, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागत. धाडीत सामील झालेल्या गावातल्या माणसांची नावं घ्यायची नाहीत, हा आमचं सोंगांचं मंडळ चालवणाऱ्या शेषेराव गुरुजींचा दंडक होता. त्या माणसांची नातवंडं आमच्यातच होती, आणि ती आमच्याइतकीच जीव तोडून सोंगं करायची.

दुसरा दंडक गाण्यांचा. सिनेमाची चाल नको, शब्द उसने नकोत. ज्यानं सोंग घ्यायचं त्यानं आपलं गाणं आपण बांधायचं आणि शेवटच्या ओवीत आपलं नाव गोवायचं. दुसऱ्या गावानं गाणं नेलं तर खुशाल न्यावं, पण नावाची ओवी गाळायची नाही. देगलूरकडच्या दोन गावांनी आमची गाणी नेली. धर्माबादहून एक मंडळी आली होती, तिला गुरुजींनी नावासकट तीनदा म्हणायला लावलं तेव्हाच जाऊ दिलं. गुरुजी गणिताचे मास्तर, त्यामुळे गाण्यातही त्यांना हातचा राहिलेला चालत नसे.

हे मंडळ जन्मलं दुष्काळात. बहात्तर साली आभाळ फिरलं ते फिरलंच, आणि अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. पाटलाची सून आणि वस्तीवरची बाई एकाच ढिगाला बसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. दुपारी सुकडी खाऊन झाली की बाया ओव्या म्हणायच्या. सुमनबाई बौद्ध वस्तीवरची, चौथी शिकलेली, आवाज जाडसर, पण ओवी अशी जुळवायची की मुकादमसुद्धा हजेरीचा कागद खाली ठेवून ऐकायचा. गुरम्मा तिच्याच ढिगाला असे. तेव्हा तिची साठी जवळ आली होती.

तिथं एक दिवस गुरम्मानं तिला काही सांगितलं. सुमनबाईनं ते मला गुरम्मा वारल्यावर सांगितलं, पण मी इथंच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. धाडीच्या दिवशी गुरम्मा घरातच होती. भिंतीतल्या बळदात, ज्वारीच्या वर, पाच वर्षांच्या मुलीला छातीशी धरून. एक हात मुलीच्या तोंडावर, एक स्वतःच्या. बाहेर लिंबाखाली सिद्रामानं आईला दोनदा "अव्वा" म्हणून हाक मारली. हिनं ओ दिली नाही. दिली असती तर मुलगी गेली असती.

"लेकरू हाक मारून राहिलं, अन् माझ्या तोंडातून हूं न्हाई निघालं," गुरम्मा म्हणाली. "नंतर रडायला गेले तर रडूच येईना. आजपत्तुर न्हाई आलं."

सुमनबाई चार दिवस नुसती हातोडी चालवत राहिली. पाचव्या दिवशी तिनं गाणं म्हटलं:

दारातला लिंब बाई, सावली कुणा देऊ
सिद्रामा तुझी हाक, कुठवर गिळून ठेऊ

अशा नऊ ओव्या. आणि शेवटची नावाची:

सुमन सांगे बाई, खडीवर बसून
एका मायेचा टाहो, ऐका कान देऊन

पुढच्या वर्षी मुक्तीला पंचवीस वर्षं झाली आणि गुरुजींनी धाडीचा खेळ बसवला. गुरम्माचं सोंग सुमनबाईनं घ्यावं असं ठरताच गावात कुजबुज झाली. लिंगायत अप्पांच्या घरातल्या बाईचं सोंग वस्तीवरच्या बाईनं घ्यायचं? ही कुजबुज करणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत, पण गुरुजींचा दंडक आड येतो. मिटवलं गुरम्मानंच. काठी टेकत शाळेत आली, म्हणाली, "मला हीच पायजे," आणि निघून गेली.

त्यानंतर दरवर्षी मी लिंबाखाली डोळे मिटून पडायचो आणि माझ्या डोक्याशी बसून सुमनबाई टाहो फोडायची. समोर पहिल्या रांगेत गुरम्मा. पहिल्याच वर्षी ती रडली. पंचवीस वर्षांनी. गाव पाहत राहिलं. शेवटची ओवी सगळं गाव एका सुरात म्हणायचं. वस्तीवरच्या एका बाईचं नाव अख्खं गाव मिळून घेतं, असा तो वर्षातला एकच क्षण होता. सुमनबाई त्या वेळी मान खाली घालायची, पण मी एक डोळा किलकिला करून पाहिलं आहे, ती हसत असायची.

मग ब्याऐंशी साल आलं. लातूर जिल्हा झाला आणि आम्ही जागचे न हलता उस्मानाबादेतून लातुरात गेलो. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं, फक्त इतिहास जुना हवा होता. सतरा सप्टेंबरला लातुरात मोठा कार्यक्रम ठरला, त्यासाठी एका समितीनं लढ्याच्या काळातल्या गाण्यांचं पुस्तक काढायचं ठरवलं. एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन गावात आले. आमच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओव्या ऐकूनच त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, पुस्तकाचं पहिलं पान याचंच. गुरुजींनी आम्हाला आधीच बजावलं होतं, कवीचं नाव छापायला लावायचं. सुमनबाई नवं लुगडं नेसून आली होती. नव्या जिल्ह्याच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिचं नाव येणार होतं, आणि हे तिला माहीत होतं.

"हे गाणं कुणाचं?" प्राध्यापकांनी विचारलं.

गुरुजी तोंड उघडणार, तेवढ्यात बाजेवर बसलेली गुरम्मा म्हणाली, "माझं हाय. माझा सिद्राम पडला त्या रोजी मी रडले, त्येच हाय हे."

आम्ही सगळे गार पडलो. म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. नऊ वर्षं दर सप्टेंबरला तिनं स्वतःला लिंबाखाली रडताना पाहिलं होतं. आम्ही खेळ इतका नेटानं केला, की जे घडलंच नव्हतं तेही तिच्या ध्यानात बसलं.

गुरुजी म्हणाले, "गुरम्माअव्वा, गाणं तर सुमनबाईनं..."

"गुरुजी," सुमनबाई म्हणाली, "अव्वाचंच हाय. मी त्येंच्याच तोंडून ऐकलं."

मग ती टेपवर गायली. नऊ ओव्या गायली आणि थांबली. आम्ही दहावी म्हणायला श्वास घेतला होता, तो तसाच राहिला. खडीवर बसून हे शब्द आले असते तर गाणं अठ्ठेचाळीसचं नाही, दुष्काळातलं आहे, हे तिथंच उघडं पडलं असतं. प्राध्यापकांनी बटण बंद केलं.

मी तिच्यावर भयंकर चिडलो. घरी जाऊन विचारलं, "तोंड शिवलं होतं का तुमचं? आपलं नाव असं सोडून देतात?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "व्यंकटी, तुला न्हाई कळायचं. जा." गुरुजींनी तर महिनाभर तिच्याशी अबोला धरला. आज मला आमच्या दोघांच्याही रागाची लाज वाटते.

पुस्तक निघालं. लातूरहून दोन प्रती मीच आणल्या. एक गुरुजींकडे दिली, दुसरी घेऊन गुरम्माकडे गेलो. सुमनबाई तिथंच होती, म्हातारीचे पाय चेपत. गुरम्माला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तक उलटसुलट केलं आणि सुमनबाईच्या हातात दिलं.

सुमनबाईनं पहिलं पान काढलं. वर गाणं, खाली 'गुरम्मा यांच्याकडून' असं छापलेलं. तिनं बोट ठेवून एकेक ओवी वाचली. नववीनंतर गाणं संपलं. तिचं बोट त्या मोकळ्या जागेवर थोडं थांबलं.

गुरम्मानं त्या पानावरून हात फिरवला. मग लहान मुलीनं विचारावं तशी तिनं विचारलं, "सुमन, तू तवा बारकी व्हतीस. तुमच्या वस्तीपत्तुर आवाज आला असंल न्हवं माझा? मी रडले व्हते न्हवं?"

"आला की, अव्वा," सुमनबाई म्हणाली. "सगळ्या वस्तीनं ऐकला."

आणि पुस्तक मिटून तिनं म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.