धमनीच्या भिंतीतली मुळं

माझ्याच रक्ताचा आवाज मला अजून ऐकू येतो. अंधारलेली खोली, मानेवर गार जेल, आणि यंत्रातून येणारा खरखरीत, दाटलेला, चिंचोळ्या जागेतून घुसणारा सूत्कार. परभणीच्या डॉक्टरबाईंनी डॉप्लरचा दांडा डाव्या बाजूला थांबवला. म्हणाल्या, "उजवीकडचा आवाज आठवतो ना? आता हा ऐका." फरक कळायला वैद्यक शिकावं लागत नाही.

त्याच्या आठ दिवस आधी गंगाखेडच्या महाविद्यालयात कविता शिकवत असताना डाव्या डोळ्यावर वरून राखाडी पडदा उतरला होता. वेदना नव्हती. उजवा डोळा मिटून पाहिलं, तर हातातलं पान नव्हतं. दोन-तीन मिनिटांनी पडदा आला तसाच उठला, आणि मी तास पूर्ण केला. घरी येऊन कुणाला सांगितलंही नाही. तुमच्यापैकी कुणावर असा पडदा उतरला, तर तो उठला म्हणून स्वस्थ बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डॉक्टरबाईंनी कागदावर नळी काढली. ही मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. तिच्या भिंतीत चरबीचा थर, म्हणजे प्लाक, साचला होता. या आजाराला अथेरोस्क्लेरोसिस म्हणतात. इथवर मला ठाऊक होतं. पण धमनीच्या भिंतीलाही जगायला रक्त लागतं, हे ठाऊक नव्हतं. ते तिला केसाहून बारीक वाहिन्या पुरवतात. त्यांचं नाव व्हासा व्हेसोरम, वाहिन्यांच्या वाहिन्या. भिंत जाड झाली की आतल्या भागाला प्राणवायू पुरत नाही. मग या वाहिन्या नवे फाटे फोडून प्लाकमध्ये शिरतात.

"भिंतीत पिंपळ उगवतो ना, तसं," त्या म्हणाल्या. "मुळं पाणी शोधत जातात, आणि भिंत फुटते."

हे नवे फाटे कच्चे असतात. ते आतल्या आत पाझरतात. प्लाक फुगतो, तडकतो. त्यातला एक कण माझ्या डोळ्यापर्यंत जाऊन आला होता. पुढचा कण मेंदूच्या डाव्या भागात गेला, तर उजवा हात जाईल आणि वाचाही जाईल. हात गेला तर काय, याचा मी विचारच केला नाही. वाचा हा शब्द मात्र खोलीत लोंबकळत राहिला.

"तंबाखू?" त्यांनी विचारलं.

"नाही."

राणीसावरगावाहून आलेली माझी आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती कौतुकाने म्हणाली, "तंबाखूला हात लावत न्हाई माय ती. नुसती मिसरी घासती, सकाळ-संध्याकाळ. म्याच भाजून धाडती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच की."

"ती दाताला लावायची. खायाची थोडीच हाय?"

"हिरडीतून रक्तातच जाते, आजी. रक्तदाब वाढवते, धमनीची भिंत नासवते."

मी खोटं बोलले नव्हते. चौदाव्या वर्षी दाढ ठणकली, तेव्हा आईने बोटाने लावून दिलेली ती काळी पूड माझ्या लेखी दंतमंजनच होती. पुढे पीएच.डी. झाली, पण ती समजूत बदलली नाही. आई त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. घरी नाही, डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीवरून धरलेल्या हैदराबादच्या गाडीतही नाही.

हैदराबादच्या रुग्णालयात शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध सोडून सोनोग्राफी केली. काळ्या प्लाकच्या पोटात पांढरे ठिपके चमकत सरकले: तेच ते कच्चे फाटे. दृश्य सुंदर होतं, हे लिहिताना संकोच वाटतो. थर लगेच काढायचं ठरलं. या शस्त्रक्रियेला एंडआर्टरेक्टॉमी म्हणतात. धमनी काही वेळ बंद करून, उघडून, आतला थर सोलून काढायचा. मला जागं ठेवणार होते. मेंदूला रक्त पुरतंय की नाही, हे माझ्या बोलण्यावरूनच त्यांना कळणार होतं.

तिसऱ्या दिवशी मान बधिर केली. उजव्या मुठीत रबराचं बदक दिलं. सांगतील तेव्हा दाबून वाजवायचं. चेहऱ्यावर हिरवं कापड, स्पिरिटचा वास, मानेत वेदनेविना ओढ. भूलतज्ज्ञ म्हणाले, "बाताँ करो अम्मा, चुप नक्को बैठो. अब नस बंद कर रहे."

मी पिकांची नावं घेऊ लागले. तूर, मूग, उडीद, करडई, जवस. पुढचं नाव आलं नाही. त्याची पिवळी फुलं दिसत होती, आंबट पाल्याची चव जिभेवर होती, शब्द नव्हता.

"अम्मा?" अवजारांची किणकिण थांबली. "अम्मा, बत्तख दबाओ."

मी दाबलं. दाबलं, की तसं नुसतं वाटलं, ते कळेना. मग बदक वाजलं, आणि पाठोपाठ तोंडातून निघालं, "अंबाडी."

"अंबाडी बोले तो गोंगुरा," भूलतज्ज्ञ म्हणाले. "मटन में डालते. चलो, आगे बोलो."

आज सहा महिने झाले. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची, दोन्ही गोळ्या चालूच आहेत. बरं वाटतं म्हणून त्या आपल्या मनाने थांबवायच्या नसतात. मिसरी सोडायला मात्र शस्त्रक्रियेहून अधिक धैर्य लागलं. भिंतीला पोसायला निघालेल्या वाहिनीनेच भिंत फुटते, हे कळल्यापासून मी कुणाच्याही मायेला दोष देताना थबकते.

शस्त्रक्रियेच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. अतिदक्षता विभागात आईला पाच मिनिटं सोडलं. ती पलंगाशी येऊन उभी राहिली. मानेच्या पट्टीकडे तिने पाहिलं नाही. नजर माझ्या ओठांवर होती. परभणीच्या त्या खोलीनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"बोल."