अडचण : नाही

बाईचं दुखणं बाईलाच कळतं, असं डॉक्टरबाई शिबिराच्या उद्घाटनात म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तासाभराने त्याच बाई मला म्हणाल्या, "तुम्ही बौद्धवाडीतल्या बायका चिवट असता. आमच्यासारखं नाजूक नसतं तुमचं."

मी न्हावा शेव्याला एका यार्डात कंटेनरची सीलं तपासते. तिथे कंटेनर न उघडता आत काय आहे ते यंत्र सांगतं. माझ्या दुखणाऱ्या पोटासाठी तसं काही नाही. सोनोग्राफीत दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस असेल, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढत असेल, पण नक्की कळायला पोटात दुर्बीण घालावी लागेल, असं एका डॉक्टरने सांगितलेलं. दुर्बिणीला रजा हवी. रजेला आजाराचं नाव हवं. नावाला दुर्बीण हवी. बारा वर्षं अशीच फिरते आहे.

म्हणून शिबिरात गेले. पोट न उघडता, रक्तातल्या खुणांवरून हा आजार ओळखता येतो का, याचं संशोधन होतं.

"काय अडचण आहे?" बाईंनी विचारलं.

पाळीला आमच्याकडे अडचणच म्हणतात. मी म्हटलं, "अडचण नसली तरी दुखतं."

बाई हसल्या. "अडचण नाही, मग आलात कशाला?" शेजारच्या मुलीने फॉर्मवर लिहिलं, अडचण : नाही. "निरोगी गटात घाल हिला."

दंडाला रबर बांधलेलं. तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. माझं रक्त निरोगीपणाचा नमुना ठरणार. उद्या माझ्यासारखीच कुणी आली की ही चाचणी तिला सांगणार, तुला काही झालेलं नाही.

मी रबर सोडलं. "आधी ते खोडा."

"अहो, मागे रांग आहे."

मागे आमच्या यार्डात झाडू मारणारी कमलवहिनी होती. तिचं नाव आधीच लिहून झालेलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे रांग. ए बाय, मलाबी तसंच दुखतं, माझं काय लिवलंस तेबी वाच."

मुलीने वाचलं. अडचण : नाही.

"पाळी नसतानाही दुखतं," मी म्हटलं. खुर्च्या लावणाऱ्या पुरुषांनी वळून बघितलं, इतक्या मोठ्याने. "पाळी. लिहा."

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई कागद चाळत होत्या. मुलीने दोघींचंही खोडून 'पाळी नसतानाही दुखतं' असं लिहिलं. मग मी हात पुढे केला.

आता रजेच्या अर्जावर मी पाळी असंच लिहिते. उभं राहता येत नाही, असंही लिहिते. नामंजूर झाला की दुसरा देते. देत राहणार. कमलवहिनी तिचा अर्ज माझ्याकडून लिहून घेते, सही स्वतः करते.

यार्डातले साहेब ते अर्ज 'किरकोळ' लिहिलेल्या फायलीत लावतात. ती भरली, परवा त्यांनी दुसरी फाइल मागवली.